टेक्सासला येताय आणि बंदुकांची धास्ती वाटतेय, त्याबद्दल

नमस्कार. तुम्ही सविस्तर विचारलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. नवऱ्याची पुण्याहून डॅलसला बदली, एल-१ व्हिसा, सोबत तुम्ही, सहावीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी. तिथे लोक कमरेला पिस्तूल लावून बाजारात फिरतात का, मुलांना शाळेत पाठवून जीव थाऱ्यावर राहतो का, आणि "गेल्यावर आपणही एक घेऊन ठेवू, गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत) सहज मिळते" असं नवरा म्हणतो त्याचं काय करायचं, हे तुमचे प्रश्न. शिवाय घरात बंदूक ठेवणारी माणसं असतात तरी कशी, हेच आपल्याला उमजत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मी मूळची कुडाळजवळच्या गावची, आता बरीच वर्षं डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरात राहते. या विषयावर माझी मतं इथे राहून बदलत गेली. ती कशी बदलली तेही सांगते, कारण नुसते नियम वाचून तुमची धास्ती जाणार नाही आणि नवऱ्याचा उत्साहही.

सुरुवात नवऱ्याच्या बेतापासून करते, कारण तिथे पाऊल चुकलं तर निस्तरता येत नाही. एल-१ (कंपनीतल्या बदलीचा), एच-१बी (नोकरीचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) या व्हिसांवरचे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले एल-२, एच-४ वरचे हे सगळे अमेरिकेच्या हिशेबी तात्पुरते आलेले लोक. अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. टेक्सासचा कायदा कितीही सैल असो, ही मनाई त्याच्या वरची. २०२२ पासून यातली कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांसाठी कायद्यात एक अपवाद आहे. ऑफिसातलं कुणीतरी तो हमखास सांगेल. इमिग्रेशनच्या वकिलाने लेखी सल्ला दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

"जवळ बाळगणं" याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक तासभर हातात धरली, तरी ते बाळगणंच. फ्लोरिडात असं झालेलं आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि कॉलेजातून नाव कमी झाल्यामुळे व्हिसाचा हक्क गमावलेल्या एका तरुणाने रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या, त्याबद्दल त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपण देशात बेकायदा राहतोय हे त्याला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. निकाल त्याच्या बाजूचा, पण तोवर माणसाचं काय उरलं असेल याचा विचार करा. आपली पोरं वीकेंडला टीम आउटिंग म्हणून रेंजवर जातात, फोटो काढतात आणि ते सगळ्यांना दिसतील असे टाकतात. कित्येकांना हा कायदा माहीतच नसतो. तुमच्या नवऱ्याला माहीत असू दे.

दुसरी पळवाट म्हणजे मित्राच्या नावावर घेणं. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक विकत घेणं हा इथे वेगळा केंद्रीय गुन्हा आहे, त्यालाही १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात मित्रही जातो. ज्या घरात एक जण ग्रीन कार्डवर आणि दुसरा व्हिसावर असतो, तिथे ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. पण व्हिसावरच्या जोडीदाराला तिजोरीचा आकडा माहीत असला तर त्याच्याकडेही ताबा आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. म्हणजे तिजोरी एकाच्याच हाताने उघडायला हवी. थोडक्यात, ग्रीन कार्ड येईपर्यंत हा विषय तुमच्या घरापुरता बंद. भारतात जन्मलेल्यांना ते यायला किती काळ लागतो, तुम्हाला माहीतच असेल. विचार करायला वेळ भरपूर आहे.

आता गन शो. नुसतं जाऊन बघायला व्हिसाची आडकाठी नाही. तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतं. तुम्ही गेलात तर टेबलावरच्या बंदुकीला आणि काडतुसांना हात लावू नका, एवढंच. मी गेले ती ग्रीन कार्ड हातात आल्यानंतर, शेजारच्या निवृत्त फौजी जोडप्याबरोबर. तोवर अशी जागा म्हणजे डोळ्यांत रक्त उतरलेल्या माणसांचा अड्डा, असंच माझ्या मनात होतं. एकदा येऊन बघ आणि मग काय ते बोल, असं शेजारीणबाई म्हणाल्या. डॅलस-फोर्ट वर्थच्या आसपास वर्षभर कुठे ना कुठे शो असतोच, शनिवार-रविवार, एखाद्या मोठ्या सभागृहात किंवा काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर.

दारात गणवेशातले दोन पोलीस टेबल मांडून बसले होते. विकायला किंवा दुरुस्तीला आपली बंदूक घेऊन आलेल्यांची तिथे वेगळी रांग. पोलीस प्रत्येक बंदूक उघडून आत गोळी नाही ना हे पाहतात आणि चापाची हालचालच होऊ नये अशा बेताने प्लास्टिकची पट्टी आवळतात. आत पाऊल टाकलं की बंदुकीच्या तेलाचा वास, त्यात पॉपकॉर्नचा. टेबलांच्या लांबच लांब रांगा. बाबागाडीत मूल घेऊन आलेली जोडपी होती, काठी टेकत हिंडणारे आजोबा होते, कॉलेजातली मुलं होती. बंदुकांइतकीच जागा इतर मालाने अडवलेली: सुऱ्या, टॉर्च, सुकवलेलं मांस, मध, जुनी नाणी, लष्करी गणवेश, तिजोऱ्या. बायकांच्या पर्सचं एक टेबल होतं. पर्सच्या पोटात पिस्तुलासाठी चोरकप्पा. विकणारी बाई तो कसा उघडायचा हे मन लावून दाखवत होती. एका टेबलावर नाझी चिन्हांची पदकं होती. ती "संग्रहाची वस्तू" म्हणून बऱ्याच शोमध्ये दिसतात, आणि ती पाहून माझ्या पोटात आजही ढवळतं. ते टेबल मांडू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला खिळवून ठेवलं ते एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या टेबलाने. दोन्ही महायुद्धांतल्या रायफली, प्रत्येकीला हाताने लिहिलेली चिठ्ठी. त्यात एक लाकडी दस्त्याची रायफल होती, तिच्या पट्टीवर "आरएफआय" आणि अशोकस्तंभ कोरलेला. रायफल फॅक्टरी ईशापूर. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर लहानपणापासून पाहिली तसल्याच वळणाची. बाजूच्या वाडग्यात सुटी जुनी काडतुसं होती, एकाच्या बुडावर "केएफ". आजोबांनी भिंगातून दाखवलं आणि विचारलं, हे किर्की कुठे आलं. खडकी! पुण्यातली खडकी, १८६९ सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना. तुम्ही पुण्याच्या, म्हणजे त्याच्या भिंतीवरून शेकडो वेळा गेला असाल. मी त्यांना सांगितलं आणि पुढचा अर्धा तास ते मला सोडायलाच तयार नव्हते.

रायफल माझ्या हातात देण्याआधी त्यांनी काय केलं ते सांगायला हवं. बोल्ट मागे ओढला, आत डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं, नळी जमिनीकडे वळवली आणि बोल्ट उघडा ठेवूनच माझ्याकडे दिली. मी परत केल्यावर पुन्हा तेच सगळं, पहिल्यापासून. रायफल क्षणभरही त्यांच्या नजरेआड झाली नव्हती, तरी.

मला माझे मामा आठवले. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडे. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं शेतात उतरायची, तेव्हा एखादा बार काढावा लागे. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. खंडेनवमीला कोयती आणि नांगराच्या फाळाशेजारी तिलाही हळदकुंकू. आम्हा पोरांना ती हाताळायची मुभा नव्हती, आणि मामा स्वतः हाताळताना एकच बजावत, "रिकामी आसा म्हणान कोणाच्या आंगार धरूची नाय." टेक्सासातल्या त्या आजोबांची सगळी रीत या एका वाक्यात बसते. रेंजवर, शिकारीच्या शिक्षणवर्गात, सगळीकडे शिकवला जाणारा पहिला नियम तोच: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. आणि रानडुकरं इथेही आहेत, लाखांनी. टेक्सासातले शेतकरी त्यांच्यामुळे तितकेच मेटाकुटीला आलेत. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही.

फरक आहे तो मुळात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक म्हणजे सरकारने मेहेरबानी करून दिलेली परवानगी. २०१९ मध्ये एका माणसाला तीनऐवजी दोनच, असं आणखी आवळलं. इथे ती १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क मानली जाते. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००८ चा. म्हणून इथल्या माणसाला "तुला बंदूक कशाला हवी" असं विचारणं म्हणजे "तुला मत कशाला हवं" असं विचारल्यासारखं लागतं. हे पटायलाच हवं असं नाही, पण समजून घेतलं नाही तर शेजाऱ्यांशी एक वाक्य धड बोलता येणार नाही.

त्याच शोमध्ये एक परिचारिका भेटली. घटस्फोटित, रात्रपाळी करणारी, राहायला गावाबाहेर. शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, माणूस यायला अर्धा तास लागतो, म्हणाली. ती आली होती ती बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी घ्यायला, कारण बहिणीची लहान मुलं सुट्टीत राहायला येणार होती. तिच्याशी बोलताना माझ्या मनातला तो रक्त उतरलेल्या डोळ्यांचा माणूस दिसेना झाला. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत दर १० प्रौढांमागे साधारण तिघांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं, घरात कुणाची ना कुणाची बंदूक असणारे चार. मालकांपैकी ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण दिलं. म्हणजे मुलीची शिक्षिका, दातांचे डॉक्टर, फुटबॉलचा प्रशिक्षक, यांच्यातली कितीतरी माणसं. बहुतेकांच्या बाबतीत ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

याच शोने मला दुसऱ्या बाजूनेही पक्कं केलं. परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि विक्रेता एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. बऱ्याचदा काही मिनिटांत उत्तर येतं. १९९८ च्या नोव्हेंबरपासून ही यंत्रणा चालू आहे. पण खाजगी माणूस स्वतःची बंदूक विकत असेल, तर केंद्रीय कायद्यात ही तपासणी सक्तीची नाही, आणि टेक्सासनेही ती लावलेली नाही. रायफल पाठीला लावून, नळीत काडी खोचून, काडीला किमतीचा कागद चिकटवून रांगांमधून फिरणारी माणसं मी पाहिली. त्यातल्या एकाचा व्यवहार माझ्यासमोर झाला. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स पाहिलं, रोख पैसे मोजले, हात मिळवले. घेणाऱ्याला पूर्वी कोर्टाने शिक्षा ठोठावली होती का, बायकोला मारहाण केली होती का, हे विकणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. कॅलिफोर्निया, कोलोराडो, न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी खाजगी विक्रीतही तपासणी सक्तीची केली आहे. टेक्सासने ती करावी असं मला ठामपणे वाटतं, आणि माझ्या फौजी शेजाऱ्यालाही वाटतं. बंदुका ठेवणारे सगळे एकाच सुरात बोलतात, ही समजूत इथे येताना मागेच ठेवून या.

रोजच्या जगण्यात बंदूक दिसते का? क्वचित. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. तरी उपनगरातल्या दुकानांत उघड्यावर लावलेलं पिस्तूल मला कधीमधीच दिसतं. जे असतं ते शर्टाखाली. दारांवरच्या पाट्या वाचायला शिका. ३०.०६ म्हणजे परवानाधारकानेही लपवून आणू नये, ३०.०७ म्हणजे उघड्यावर आणू नये, आणि लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेलं असेल तर तिथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची, आत बंदूक नेणं गुन्हा. सणासुदीला गर्दीच्या मंदिरांत पोलीस तैनात असतो, त्याची सवय होते.

धोका तुम्ही समजता तिथे कमी आणि भलत्याच ठिकाणी जास्त आहे. एक जागा म्हणजे परक्याचं दार. १९९२ मध्ये लुईझियानातल्या बॅटन रूजमध्ये हॅलोवीनच्या पार्टीला निघालेला १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकून भलत्याच घरी गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली, त्याच्या डोक्यात गोळी घातली. तो वाचला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात चुकीच्या घराच्या आवारात शिरलेल्या गाडीत बसलेल्या २० वर्षांच्या मुलीचा जीव गेला. म्हणून आपली न कळवता डोकावण्याची सवय इथे बंद. दिवाळीचा फराळ द्यायला जाताना आधी मेसेज करा, घराचा क्रमांक दोनदा पाहा, अंधारात कुणाच्या मागच्या अंगणात शिरू नका. मुलाचा चेंडू कुंपणापलीकडे गेला तर पुढच्या दाराने जाऊन मागायचा.

दुसरी जागा रस्ता. कुणी हॉर्न वाजवून शिव्या देत असेल तर काच वर, नजर समोर, पुढच्या वळणाला बाजूला व्हा. उतरून हुज्जत घालणं ही पुण्यातली गोष्ट पुण्यात. आणि पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद काढायला सांगितल्याशिवाय डॅशबोर्डच्या कप्प्याकडे वाकू नका. "साहेब, कागद त्या कप्प्यात आहेत, काढू का?" असं आधी विचारा. पोलिसाला तुमच्या हातात काय येणार हे माहीत नसतं.

द्वेषातून झालेले हल्लेही आहेत, ते लपवणार नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथ इथे एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनिअरची हत्या झाली. हल्लेखोर "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडला होता. त्याला अडवायला धावलेल्या एका अमेरिकन तरुणाने स्वतः गोळी खाल्ली, हेही लक्षात ठेवा. आणि २०२३ च्या ६ मे रोजी ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले. तो मॉल आमच्या भागातला, भारतातून पाहुणे आले की त्यांना आम्ही खरेदीला तिथेच नेतो. मृतांमध्ये तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. त्यानंतर कित्येक दिवस मला दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा मागचं दार शोधायची सवय लागली होती. ती पूर्ण गेलेली नाही.

शाळांचं विचारलंत. २०२२ च्या २४ मे रोजी टेक्सासच्याच युवाल्डी गावात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा १८ वर्षांचा, बंदुका त्याने कायदेशीर विकत घेतलेल्या. त्यानंतर २०२३ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत एक सशस्त्र सुरक्षारक्षक असावा असा कायदा टेक्सासने केला. तुमच्या मुलीला पहिल्या काही आठवड्यांतच लॉकडाउनचा सराव करावा लागेल: दाराला कुलूप, दिवे बंद, दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायचं. माझी मुलगी लहान असताना हे घरी येऊन अगदी सहज सांगायची, आणि ऐकताना माझ्या घशाशी आवंढा यायचा. तिच्यासमोर मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. आग लागली तर काय करायचं हे जसं शिकवतात तसंच हे, असं तिला सांगितलं. तुम्हीही तसंच सांगा. शाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा: सराव आधी कळवता का, आणि लहान मुलांना तो कुठल्या शब्दांत समजावता. दोन्हींची सरळ उत्तरं मिळायला हवीत.

पण रात्री झोप उडवायची असेल तर ती शाळेच्या नावाने उडवू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. दर १० मृत्यूंमागे जवळजवळ सहा. बातम्यांत दिसतात ते सामूहिक गोळीबार, आणि घरात कपाटाच्या खणातून उचलून संपवलेलं आयुष्य बातमीत येत नाही. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी नऊ वेळा जीव घेतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस पुष्कळदा दवाखान्यात वाचतो आणि पुष्कळदा पुन्हा त्या वाटेला जात नाही. बंदुकीच्या बाबतीत परतीची ती संधीच बहुधा मिळत नाही. हे वाचल्यापासून माझ्या धास्तीने घर बदललं. कमरेला पिस्तूल लावलेला अनोळखी माणूस पाहून आता माझ्या छातीत धडधडत नाही. ओळखीच्या घरातला कुलूप नसलेला खण आठवला की धडधडतं.

म्हणून मुलं कुणाकडे खेळायला जाणार असतील तर आधी विचारा: घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या, अशी ठेवली आहे का? अवघड वाटतं, मला पहिल्यांदा जिभेवर येईना. मग मी ते शेंगदाण्याच्या ॲलर्जीच्या प्रश्नाला जोडून विचारू लागले. टेक्सासात कुणीही वाईट वाटून घेतलं नाही. ज्यांच्याकडे बंदूक आहे ती माणसं तर सर्वांत सरळ उत्तर देतात, काही जणांनी तिजोरी उघडी नाही ना तेही दाखवलं. आपल्या देशी घरांनाही विचारा. इथे बरीच वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांतही आता बंदुका आहेत आणि "आपल्यातलेच तर आहेत" म्हणून तो प्रश्न राहून जातो. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक हलगर्जीपणे ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे, पण तो कायदा लागू होतो मुलाच्या हाती ती लागल्यानंतर. आधी घरात येऊन कुणी तपासत नाही.

आम्ही काय केलं, हे तुम्ही विचारणारच. दोघांनी परवानाधारक प्रशिक्षकाकडे वर्ग केला, बंदूक उघडायची, रिकामी करायची, सुरक्षित ठेवायची हे शिकलो. नवरा अधूनमधून मातीच्या तबकड्यांवर शॉटगन चालवायला शेजाऱ्याबरोबर जातो, त्यात त्याचा हात चांगला आहे आणि मला त्याचं कौतुक आहे. घरात मात्र ठेवली नाही. मुलं किशोरवयात आहेत, त्या वयातली एखादी रात्र किती काळी असू शकते हे मला माहीत आहे, आणि आमच्याकडे पोलीस काही मिनिटांत येतात. गावाबाहेर राहणाऱ्या त्या परिचारिकेने वेगळं ठरवलं, आणि तिच्या जागी मी असते तर कदाचित तिच्यासारखंच केलं असतं. उद्या तुमचं ग्रीन कार्ड आलं तर तुमचं घर, तुमची मुलं, घरातल्यांच्या मनाची स्थिती हे सगळं पाहून ठरवा. घेतलीत तर तिजोरी आधी घ्या, बंदूक नंतर.

सामान बांधायचं विचारलंत त्यात तुमच्या मुलाच्या दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा उल्लेख होता. ते आणू नका. विमानात खेळण्यातली बंदूकही हातातल्या सामानात चालत नाही. सामानातून आलीच, तरी तिच्या नळीवर इथल्या खेळण्यांसारखं नारिंगी टोक नसेल. २०१४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या १२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गाडीतून उतरल्यावर काही क्षणांत गोळी घातली. तुमचा मुलगा त्याच वयाचा आहे. पाण्याच्या पिचकाऱ्या आणि स्पंजच्या गोळ्यांच्या रंगीबेरंगी बंदुका इथे मिळतात, त्या अंगणात चालतात. काळी, खरी वाटणारी कुठलीही वस्तू घेऊन त्याने रस्त्यावर जायचं नाही, हे इथे उतरल्याच्या पहिल्याच दिवशी त्याला सांगा, आणि का ते खरं काय ते सांगून सांगा. सहावीतल्या मुलाला ते कळतं.